भरलेली कॅसेट, कापलेलं गाणं आणि तुमची एक चूक

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ओएसिस आणि ब्लर या दोन इंग्लिश बँडच्या जुन्या भांडणावर पानभर लेख आला, तो मी दोनदा वाचला, एकदा दुकानावर बसून आणि एकदा घरी चष्मा लावून. आमच्या भुसावळात येणाऱ्या पेपरात हा विषय छापलात त्याबद्दल आधी आभार, खरंच. नाहीतर आमच्याकडे बँड म्हटलं की लोक विचारतात कोणाचं लगीन आहे. मी पेपर वाचताना मधेच हसलो तर मावशीनं स्वयंपाकघरातून विचारलंच, काय रे, कोणता बँड सांगितला, जळगावचा का धुळ्याचा? म्हटलं मावशी, मँचेस्टरचा. तर म्हणे एवढ्या लांबून कशाला, गाडीभाडंच केवढं होईल.

असो. मुद्दा असा की लेखात एक चूक आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये दोघांची गाणी एकाच दिवशी आली आणि त्या टकरीत ओएसिसनं पहिला नंबर काढला असं तुम्ही छापलंय. नाही काढला. ब्लरनं काढला. आणि मी हे ओएसिसवाला असून सांगतोय, गेली अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं कट्टर ओएसिसवाला, तेव्हा सांगताना मला काय यातना होत असतील बघा. खरं तर तुमच्या लेखाचा फोटो काढून मी आधी लगेच रावेरच्या मित्राला पाठवला, खाली लिहिलं "बघ, पेपरात आलंय". दहा मिनिटांत त्याचा फोन आला. त्याचं पुढे सांगतो.

आधी नीट काय झालं ते. ब्लरचं 'कंट्री हाऊस' आणि ओएसिसचं 'रोल विथ इट', दोन्ही सिंगल, म्हणजे सुट्टं विकायचं एकेक गाणं, १४ ऑगस्ट १९९५ ला, सोमवारी, बाजारात आल्या. हा योगायोग नव्हता, ब्लरच्या बाजूनं तारीख मुद्दाम अलीकडे ओढली, म्हणजे समोरासमोरच होऊन जाऊ दे. आठवडाभर इंग्लंडात टीव्हीच्या मुख्य बातम्यांमध्ये हाच विषय. शेवटी ब्लरच्या २ लाख ७४ हजार प्रती खपल्या आणि ओएसिसच्या २ लाख १६ हजार. आता आम्ही ओएसिसवाले लगेच म्हणणार की ब्लरनं एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या सीडी काढल्या, कट्टर माणूस दोन्ही घेतो, शिवाय भावही कमी ठेवला, हे खरंच आहे, पण हरलो ते हरलोच. आमच्याकडे वेशीवर दोन वरातींचे बँड समोरासमोर आले की कसं होतं, कोणीच मागे हटत नाही, दोन्हीकडे ट्रम्पेटवाल्यांचे गाल फुगून लाल, आणि पोरं आपापल्या बँडपुढे अशी नाचतात की नवरदेव घोड्यावर एकटाच राहतो. तिथं कोण जिंकलं ते कोणी मोजत नाही म्हणून दोन्हीकडचे जिंकून घरी जातात. इंग्रजांनी मोजलं. तिथंच घोळ झाला.

(गंमत म्हणजे ती दोन्ही गाणी त्या त्या बँडची काही फार भारी गाणी नाहीत. माझं मत. एवढी टक्कर आणि दोघांनी आपापली मधली-आधली गाणी मैदानात उतरवली.)

आणि त्या आठवड्यात हरून ओएसिस पुढे गेलं हेही लिहायला हवं होतं. दीड महिन्यात, २ ऑक्टोबरला, 'मॉर्निंग ग्लोरी' हा अल्बम आला आणि तो जगभरात दोन कोटींच्या वर खपला. पुढच्या वर्षी १० आणि ११ ऑगस्टला नेबवर्थच्या मैदानात ओएसिसच्या कार्यक्रमाला दोन दिवसांत अडीच लाख लोक, आणि तिकिटासाठी अर्ज केलेले पंचवीस लाखांवर. ब्लर तिथपर्यंत गेलं नाही. पण पहिल्या नंबरची गोष्ट वेगळी आहे साहेब, ती पैज आहे, आणि पैजेत नंतरचं धरत नाहीत.

दुसरा मुद्दा जरा मोठा आहे. लेखकानं लिहिलंय की ही आवडीची फाळणी मुळात वर्गाची होती, ओएसिस म्हणजे कामगारांचं आणि ब्लर म्हणजे शिकल्या-सवरल्या मध्यमवर्गाचं. इंग्लंडपुरतं हे बरंचसं ठीक आहे. ओएसिसचे दोघं भाऊ नोएल आणि लियाम गॅलघर मँचेस्टरच्या बर्नेज भागातल्या साध्या घरातले, नोएल आधी दुसऱ्याच एका बँडची वाद्यं उचलायचं काम करायचा. ब्लरचा गायक डेमन अल्बार्न आणि गिटारवाला ग्रॅहम कॉक्सन कोलचेस्टरच्या एकाच शाळेतले, पुढे लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात. उत्तर विरुद्ध दक्षिण, कारखाना विरुद्ध कॉलेज, पेपरवाल्यांना आयतंच मिळालं. पण लेखक शेवटी म्हणतात की जगभरचे चाहते याच रेषेवर फाटले. इथं मला हात वर करावा लागतो. आमच्याकडे कशावरून फाटले ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याचं कारण वर्ग नाही, नव्वद मिनिटांची कॅसेट आहे.

१९९७ साल. जळगावात आम्ही चौघं एका खोलीत राहून शिकत होतो. आमच्यात नावं नव्हती, गावं होती. मी भुसावळ, एक रावेर, एक पारोळा आणि एक शहादा. शहाद्याचा मामेभाऊ पुण्यात होता, तिथल्या एका कॅसेटवाल्याकडून त्यानं एक कोरी कॅसेट भरून आणली. नवीन पोरांना सांगायला लागतं, कॅसेट तेव्हा भरून घ्यायची असायची, तुम्ही यादी द्यायची आणि दुकानदार रात्रभर भरत बसायचा. नव्वदची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. ए बाजूला ओएसिसचं 'मॉर्निंग ग्लोरी', बी बाजूला ब्लरचं 'पार्कलाइफ', वर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, आणि ब्लरचं स्पेलिंगही चुकलेलं.

आता हिशोब बघा. 'मॉर्निंग ग्लोरी' आहे पन्नास मिनिटांचा. त्यात शेवटचं गाणं 'शॅम्पेन सुपरनोव्हा', साडेसात मिनिटांचं. म्हणजे आमच्या कॅसेटवर ते जेमतेम अडीच मिनिटं वाजायचं आणि नेमकं चढायला लागलं की खटक्, डेकचं बटण वर. आम्हाला वाटायचं गाणं तेवढंच आहे. काय डेरिंग आहे राव, असं मधेच तोडायचं, आम्ही दोन वर्षं त्या तोडण्याचं कौतुक करत होतो. मी तर एका ज्युनियरला समजावून पण सांगितलं होतं की शेवट न करणं हाच त्याचा शेवट आहे. नंतर सीडीवर पूर्ण ऐकलं तेव्हा पुढे पाच मिनिटं बाकी होती आणि खरी मजा त्यातच होती.

पण ते निदान अर्धं तरी होतं. बी बाजूला अन्याय मोठा झाला. 'पार्कलाइफ' साडेबावन्न मिनिटांचा. त्यातलं 'धिस इज अ लो' हे शेवटून दुसरं गाणं, पाच मिनिटांच्या थोडं वर, माझ्या मते आज ब्लरचं सगळ्यात खोल गाणं, हळू, समुद्रावरचं, आतून ओढणारं. ते सुरूच होतं शेहेचाळीस मिनिटांनंतर. म्हणजे आमच्या कॅसेटवर ते आलंच नाही. एक सूर नाही. आणि आम्ही खोलीत ठरवून टाकलं की ब्लरकडे गंभीर गाणं नाही, नुसती नकला-टिंगल आहे. तीन विरुद्ध एक मतानं ठराव पास. विरोधात एकटा रावेर.

रावेरचं पण ऐका, तो ब्लरवाला का झाला. कॅसेट कायम ए बाजूनं लागायची, ती संपेपर्यंत बाकीचे झोपायचे किंवा मेसला जायचे, आणि याला रात्री झोप यायची नाही म्हणून तो उलटवून बी बाजू हळू आवाजात लावायचा. त्यात उन्हाळा, जळगावचा मे महिना, पंखा गरम हवा फेकतोय, त्यात लाईट जायची तर हा सेल टाकून ऐकायचा. सेल उतरत आले की डेमन अल्बार्न तमाशातल्या मावशीच्या आवाजात गायला लागायचा, तरी रावेर बंद करायचा नाही. याच्या बापाची केळीची बाग होती, चांगली पंधरा-वीस एकर, आणि पारोळ्याचे वडील एसटीत कंडक्टर. तुमच्या लेखाप्रमाणे रावेर मध्यमवर्ग म्हणून ब्लर आणि पारोळा कामगार म्हणून ओएसिस, बसतं बरोबर. पण मग माझे वडील शाळामास्तर, मी ब्लरवाला व्हायला पाहिजे होतो. आणि शहाद्याचं तर घर व्यापाऱ्याचं, तो ओएसिस सोडून काही ऐकायला तयार नाही. नाही बसत साहेब. ज्याला झोप आली नाही तो ब्लरवाला झाला.

आता झाल्यावर मात्र ते खरं होतं, हेही सांगितलं पाहिजे. कॅसेटनं ढकललं पण पुढे माणूस आपल्या पायानं चालला. मी ओएसिसचा का राहिलो, तर त्यांचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं आहे. शब्द कळायची गरज नाही, आम्हाला कळतही नव्हते, लियाम एकेक अक्षर असा लांबवतो की सनशाईन म्हणताना मधल्या 'आ'वर आख्खी खोली चढून बसायची. गणपतीच्या आरतीत जसं निम्म्या लोकांना शब्द येत नसतात पण जय देव जय देवला छप्पर उडतं, तसं. ब्लर म्हणजे भारूड. प्रत्येक गाण्यात वेगळं सोंग, कोणी सुट्टीवर गेलेला, कोणी नोकरीला कंटाळलेला, कोणी बागेत कबुतरांना दाणे टाकणारा, हसवता हसवता चिमटा. भारूड एकट्यानं कान देऊन ऐकावं लागतं, लंडनचं तर आणखीनच, कारण त्यांची सोंगं आपल्याला माहीत नाहीत. रावेरनं ती शब्दकोश घेऊन शोधली. मी आरतीत राहिलो. दोघांनी एकमेकांना येडं म्हणण्यात दोन वर्षं काढली, आणि त्या नादात दोघांनी दोन्ही बाजू पाठ केल्या, कारण समोरच्याला टोमणा मारायचा तर त्याचं गाणं नीट ऐकावं लागतं.

मग तिसरा बँड घुसला. १९९७ मध्येच रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' आला होता, आमच्याकडे पोचायला वर्ष गेलं, आणि पारोळा आमच्या पार्टीतून फुटला. त्याच साली ओएसिसचा 'बी हिअर नाऊ' पण आला, इंग्लंडात पहिल्या तीन दिवसांत जवळपास सात लाख खपला आणि खपल्यावर लोकांना कळलं की गाणी लांबच लांब आणि आवाज नुसता गच्च. मला पण कळलं, पण मी कबूल केलं नाही. पारोळ्यानं केलं. तो रात्र रात्र हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. मेसमध्ये वाढायला एक धुळ्याकडचे काका होते, त्यांनी एकदा याचा हेडफोन कानाला लावून पाहिला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हाई काय गानं शे का भो, हाई ते रडनं शे." रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्क, त्याच्यावर इंग्रजीत ढिगानं लिहिलं गेलंय, पण या एका वाक्याच्या जवळपास जाणारं मला तरी सापडलं नाही. पारोळा चिडला नाही. म्हणाला, मग काय झालं काका, रडणं पण सुरात पाहिजे ना.

पुढे २००० मध्ये 'किड ए' आला तेव्हा त्यात गिटारच सापडेना तर रेडिओहेडवाल्यांतच दोन तट पडले. आणि जे तिथून निसटले त्यातले बरेच म्यूज या दुसऱ्या बँडकडे गेले. म्यूजवर आरोप असा की रेडिओहेडची नक्कल, त्यात त्यांच्या पहिल्या अल्बमचा निर्माता जॉन लेकी, ज्यानं रेडिओहेडचा 'द बेंड्स' केलेला, म्हणजे बोलायला जागाच. पण मला विचाराल तर दोघांत काही साम्य नाही. वरच्या पट्टीत गळा नेला म्हणजे नक्कल झाली तर आमच्याकडचे निम्मे भजनी एकमेकांची नक्कल करतात. रेडिओहेड आतल्या आत मिटतं, म्यूज फटाके लावतं. हे सगळं मी भराभर सांगतोय कारण तोपर्यंत मी नोकरीला लागलो होतो आणि भांडायला कोणी उरलं नव्हतं.

आता घरातली स्थिती ऐका. भाचा कोल्डप्लेवाला. २०२५ च्या २६ जानेवारीला अहमदाबादला स्टेडियममध्ये जाऊन आला, रात्रीच्या गाडीनं, सोबत शेव आणि दशम्या. मुंबईचं तिकीट मिळालं नव्हतं, मोबाईलवर रांगेत याचा नंबर लाखांत होता, दुपारभर स्क्रीनकडे बघत बसला आणि जेवला पण नाही. मी म्हटलं अरे कोल्डप्ले म्हणजे झोपायच्या आधी प्यायचं हळदीचं दूध. तर म्हणे मामा, तुमच्या ओएसिसची तिकिटं रांगेत उभं असताना दुप्पट-अडीचपट झाली ते कुठं गेलं? बोलती बंद. खरं आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांचं भांडण मिटवून दोघं भाऊ परत येणार म्हटल्यावर, ज्या तिकिटाला दीडशे पौंडांच्या आसपास सांगितलं ते ऐनवेळी साडेतीनशेच्या वर गेलं. कामगारांचा बँड म्हणे. ४ जुलै २०२५ ला कार्डिफला पहिला शो झाला, तो मी मोबाईलवर कोणीतरी हलत्या हातानं काढलेल्या व्हिडिओत पाहिला, भावाभावांनी हातात हात घालून एंट्री घेतली तेव्हा माझे डोळे भरून आले आणि बायको म्हणाली, तुमच्या सख्ख्या भावाशी बांधावरून बोलणं बंद आहे ते आधी बघा. या दौऱ्यात भारत नव्हताच, त्यामुळे तिकिटाचा प्रश्न मिटला.

मुलगी आर्क्टिक मंकीज ऐकते. तिला विचारलं तू कोणाच्या बाजूची. तर म्हणे, "बाजू कसली पप्पा? प्लेलिस्टमध्ये सगळेच आहेत." ओएसिस, ब्लर, रेडिओहेड, मधे एक अहिराणी डीजे गाणं, मग परत ब्लर. ब्लरचं 'साँग टू' तिला माहीत आहे, दोन मिनिटं दोन सेकंदांचं, पण ते कोणत्या बँडचं हे माहीत नव्हतं. मला हे पटत नाही. का पटत नाही ते नीट सांगता येत नाही, पण तिनं एकदा तरी कोणाशी तरी ब्लरवरून आठवडाभर अबोला धरावा असं मला मनापासून वाटतं.

तर पैज. १९९७ च्या हिवाळ्यात मी आणि रावेरनं लावलेली, ऑगस्ट ९५ मध्ये पहिला नंबर कोणाचा. मी म्हटलं ओएसिस, तो म्हणे ब्लर, पुरावा कोणाकडेच नाही. हरेल त्यानं सगळ्यांना भरीत पार्टी द्यायची, वांगी बामणोदचीच, शेतात तुरीच्या काड्यांवर भाजून, वर कळण्याच्या पुऱ्या. आता कबुलीजबाब देतो. २००१ मध्ये जळगावला एका सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मी ते शोधलं होतं. ब्लर. आकड्यासकट. खिडकी बंद केली, पैसे दिले, आणि आजपर्यंत रावेरला सांगितलं नाही. त्यानं कधी विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही. मोबाईल आले, सगळं जग हातात आलं, तरी आमच्या दोघांत हा विषय तसाच. वीसेक वर्षांनी अचानक तुमच्या पुरवणीत ओएसिस जिंकल्याचं छापून आलं आणि मला मोह झाला, फोटो पाठवून दिला.

फोनवर रावेर आधी हसला. मग म्हणाला, "भो, मले तं पहिल्यापासून माहीत होतं. तू कधी सांगतो याची वाट पाहू राह्यलो." म्हटलं मग बोलला का नाही? म्हणे तू पेपर दाखवशील असं नव्हतं वाटलं. मग मीच विषय बदलायला त्याला विचारलं, तू ते 'धिस इज अ लो' पहिल्यांदा कधी ऐकलं? तो थोडा वेळ गप्प. म्हणाला नोकरी सोडून बागेत परत आलो त्या वर्षी, केळीच्या ट्रकचं लोडिंग चालू होतं, पहाटे, मोबाईलवर. कॅसेटवर नव्हतं ना ते. मी म्हटलं नव्हतं. मी पण उशिराच ऐकलं, पण हे मी त्याला सांगितलं नाही की ऐकल्यावर पहिला फोन त्याला लावायला घेतला होता आणि ठेवून दिला होता.

आता त्याची अट अशी आहे की नुसतं माझ्या तोंडून नको, जिथं चूक छापली तिथंच दुरुस्ती छापून आली पाहिजे, तेव्हाच तो पैज फिटली म्हणेल. पारोळा आणि शहादा दोघंही यायला तयार आहेत. तेव्हा पहिला नंबर ब्लर, २ लाख ७४ हजार, एवढी दोन ओळींची दुरुस्ती येत्या रविवारी द्यावी ही विनंती. बामणोदची वांगी निघायला लागली आहेत, थंडी गेली की त्यांना ती चव राहत नाही, म्हणून जरा लवकर बघा.

आपला,
एक जुना वाचक, भुसावळ